अर्धा निळा, अर्धा पिवळा

१२ जानेवारी १९६७ च्या गुरुवारी रात्री अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘ड्रॅगनेट’ ही पोलिसी मालिका सात-आठ वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली. पूर्वी ती कृष्णधवल होती, आता रंगीत झाली होती, आणि पहिल्याच भागात रंगाला मोठे काम मिळाले. लॉस एंजेलिसच्या एका बागेत कोणी मुलगा विचित्र वागतो आहे अशी खबर येते. सार्जंट जो फ्रायडे आणि त्याचा जोडीदार बिल गॅनन तिथे पोचतात, तर मुलाने डोके जमिनीत खुपसलेले असते. ते त्याला ओढून उठवतात आणि त्याचा चेहरा आपल्यासमोर येतो : अर्धा निळा, अर्धा पिवळा. मुलाने एलएसडी हे भास निर्माण करणारे मादक द्रव्य घेतलेले असते. या भागाचे अधिकृत नाव फारसे कोणाच्या लक्षात नाही. अमेरिकी प्रेक्षक त्याला ‘ब्लू बॉय’चा भाग म्हणूनच ओळखतात. त्यानंतर दोनच दिवसांनी, शनिवारी, सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये हजारो तरुण जमले आणि हिप्पी म्हणजे कोण, याचे चित्र साऱ्या देशाच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. दूरचित्रवाणीने आपला निकाल त्या जत्रेच्या दोन दिवस आधीच देऊन टाकला होता.

मी हा भाग पहिल्यांदा पाहिला तो १९९१ च्या अखेरीस, लॉस एंजेलिसमध्येच. शिकायला गेलो होतो, भाड्याच्या खोलीत एक जुना संच होता आणि केबलवर रात्री उशिरा जुन्या मालिका पुन्हा दाखवत असत. तो रंगवलेला चेहरा पाहताना मला एकाएकी आमच्या साताऱ्याजवळच्या घराचा ओटा आठवला.

माझा चुलतभाऊ विलासदादा कोल्हापूरला एका पेंटरच्या हाताखाली सिनेमाचे बोर्ड रंगवायला शिकत होता. १९७३ च्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा त्याचे केस मानेवर रुळत होते. आजोबांनी हिप्पी प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता. कळंगुट-हणजूणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या गोऱ्या पोरांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येत, तेवढीच त्यांची ओळख. पण शब्द त्यांच्याजवळ तयार होता. ‘हिप्पी झालायस का?’ असे त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता थोरल्या काकांना न्हाव्याला बोलवायला पाठवले. दादा ओट्यावर मान खाली घालून बसला. कात्री चालू असताना आजोबा बोलत होते आणि पुन्हा पुन्हा एकाच वाक्यावर येत होते : ‘चारचौघांसारखं राहावं माणसानं.’ मी सात वर्षांचा होतो. अंगणात पडलेले केस पाहून मी हसलो, आणि मी हसलो हे दादाने पाहिले.

‘ड्रॅगनेट’ ही जॅक वेब या एका माणसाची निर्मिती होती. १९४९ मध्ये त्याने ती रेडिओवर सुरू केली, १९५१ च्या डिसेंबरमध्ये दूरचित्रवाणीवर आणली, आणि निर्माता, दिग्दर्शक, मुख्य नट ही तिन्ही कामे स्वतःकडे ठेवली. तुम्ही पाहणार आहात ती कथा खरी आहे, निर्दोष माणसांना त्रास होऊ नये म्हणून फक्त नावे बदलली आहेत, असे प्रत्येक भागाच्या आरंभी सांगितले जाई. मग फ्रायडेचे निवेदन सुरू होई, तेही पंचनाम्यासारखे : वार कोणता, तारीख कोणती, हवा कशी होती, पाळी कुठली, जोडीदार कोण, वरिष्ठ कोण. शेवटी आरोपी भिंतीपाशी उभा दिसे, काय करावे हे न कळून इकडेतिकडे पाहत असलेला, आणि त्याला झालेली शिक्षा पडद्यावर उमटे. सर्वांत शेवटी घामेजलेले दोन हात छिन्नी-हातोड्याने पत्र्यावर निर्मितिसंस्थेची खूण ठोकत. अर्ध्या तासात सुरुवातीपासून शिक्षेपर्यंत सगळे आटोपलेले असे.

‘फक्त वस्तुस्थिती सांगा, बाई’ हे वाक्य फ्रायडेच्या नावावर आजही खपते. नेमक्या त्या शब्दांत ते लोकप्रिय झाले ते मूळ मालिकेतून नव्हे, तर १९५३ मध्ये स्टॅन फ्रेबर्ग या विनोदकाराने केलेल्या तिच्या विडंबनाच्या वळणावरून. पण ते फ्रायडेला चिकटले, कारण १९५० च्या दशकातला फ्रायडे खरोखरच तसा होता. तो कमी बोले, विचारत जाई, टिपत जाई. १९६७ मध्ये परतलेला फ्रायडे मात्र बोलतो, दीर्घ बोलतो, समोरच्याला बसवून बोलतो. मला या मालिकेत सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटते. ज्याला वस्तुस्थितीखेरीज काही नको होते, त्या माणसाला भाषणे का करावी लागली?

याचे उत्तर मला त्या पहिल्या भागातच दिसते. कॅलिफोर्नियात एलएसडीवरची बंदी अमलात आली ती ६ ऑक्टोबर १९६६ रोजी, आणि कथा तिच्या आधी सुरू होते. मुलगा फ्रायडेच्या समोर आहे, त्याची अवस्था डोळ्यांना दिसते आहे, पण त्याच्यावर लावायला धड कलम नाही. चोराच्या बाबतीत अशी अडचण येत नाही. चोरी झाली की झाली, तिला तारीख असते, मालाची किंमत असते, साक्षीदार असतो. केस वाढवणे, अनवाणी फिरणे, नोकरी न धरणे, रंगीबेरंगी खोलीत दहाजणांनी मिळून राहणे, चेहरा रंगवणे यांतले काहीच गुन्हा नव्हते, आणि तरीही त्या मालिकेच्या नजरेत ते चोरीहून गंभीर होते. जिथे कलम लागू पडत नव्हते, तिथे फ्रायडेने भाषण लावले. आमच्या ओट्यावरही हेच झाले होते. दादाने काही केले नव्हते, म्हणूनच आजोबांना इतके बोलावे लागले.

शेवटी तो मुलगा एका खोलीत मेलेला सापडतो. तो सारखा अजून पुढे, अजून पलीकडे जाऊ पाहत होता, असे तिथला एक तरुण सांगतो, आणि फ्रायडे एवढेच म्हणतो की पोचला तो, मेला आहे. हे वाक्य आज लोक चेष्टेत उद्धृत करतात. मला त्यात चेष्टा दिसत नाही. एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा मेला आहे, आणि मालिकेला त्याच्याविषयी सांगण्यासारखे एवढेच सुचले आहे, याचे मला दर वेळी दुःख होते.

नोव्हेंबर १९६७ मधला ‘द बिग हाय’ हा भाग मला ‘ब्लू बॉय’हून जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात हिप्पी नाहीतच. एक तरुण जोडपे आहे, नीटनेटके कपडे, चांगले घर, तान्हे मूल. ते गांजा ओढतात, आणि ही गोष्ट दारूपेक्षा वाईट नाही, उद्या कायदेशीरही होईल, असे शांतपणे बोलून दाखवतात. तक्रार घेऊन पोलिसांकडे येतो तो त्या तरुणीचा बाप. शेवटी जोडपे नशेत असताना मूल न्हाणीच्या टबात बुडून मरते. हा शेवट पाहताना माझा श्वास अडकला होता, हे मी मान्य करतो. तो त्याच हेतूने रचलेला आहे. पण दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आले की मालिकेची खरी भीती इथे उघडी पडली आहे. रस्त्यावरचा रंगवलेला मुलगा ओळखू तरी येतो. हे दोघे ओळखू येत नाहीत. ते दिसतात चारचौघांसारखे आणि विचार मात्र वेगळा करतात. आणि त्या विचाराची शिक्षा मालिकेने सर्वांत निष्पाप जिवाला दिली, म्हणजे वाद घालायला कोणाचे तोंडच उरू नये.

त्यानंतर जानेवारी १९६८ मध्ये ‘द बिग प्रॉफेट’ आला. जवळजवळ सगळा भाग एका खोलीत घडतो. विस्तारित मनाचे मंदिर चालवणारा ब्रदर विल्यम नावाचा एक सुशिक्षित, गोड बोलणारा गृहस्थ आणि दोन पोलीस यांच्यात एलएसडीवर वाद होतो. हार्वर्डमधून १९६३ मध्ये बाहेर पडावे लागलेल्या आणि १९६६ मध्ये एलएसडीला प्रसाद मानणारा पंथ काढणाऱ्या टिमथी लिअरीची आठवण व्हावी, अशीच ही व्यक्तिरेखा बेतलेली आहे. आजच्या एखाद्या मालिकेत अर्धा तास तीन माणसे नुसती वाद घालत बसली आहेत अशी कल्पना करून पाहा. वेबला हे करावेसे वाटले यात धाडस होते, आणि समोरच्याला बोलू देण्याची निदान इच्छा होती. तिथे दारूचा मुद्दा निघतो, धर्मस्वातंत्र्याचा निघतो, कायदा बदलतो तेव्हा नीतीही बदलते का हा निघतो. पण वाद संपतो तो युक्तिवादाने नव्हे, अटकेने. ब्रदर विल्यमच्या बोलण्याला उत्तर मिळाले की नाही, हा प्रश्न बेड्यांच्या आवाजात विरून जातो.

वेबची एक पद्धत इथे सांगायला हवी. तो नटांना संवाद पाठ करू देत नसे. कॅमेऱ्यालगत सरकणाऱ्या पट्टीवरून, ज्याला टेलिप्रॉम्प्टर म्हणतात, ते वाचायचे, तालीम जवळपास नाही, आवाजात चढउतार नको. त्यामुळे वेळ आणि पैसा वाचे, आणि बोलणे खऱ्या माणसांसारखे कोरडे वाटते असे त्याचे मत होते. परिणाम असा झाला की हिप्पीही फ्रायडेसारखाच बोलतो : तीच गती, तीच तोडलेली वाक्ये, तोच सपाट सूर. विग वेगळा, मण्यांच्या माळा वेगळ्या, वाणी एकच. फ्रायडे आणि गॅनन तर भागामागून भाग तेच कपडे घालतात, कारण एका भागासाठी टिपलेली रस्त्यावरची, गाडीतली दृश्ये दुसऱ्या भागात जोडता यावीत. फ्रायडेचा तो राखाडी कोट पुढे शिस्तीचे प्रतीक मानला गेला. त्याचा उगम मात्र संकलनाच्या टेबलावरच्या सोयीत आहे. समाजातले बरेचसे ‘असेच असते’ अशा सोयींतून आलेले असते, असे मला हा कोट पाहताना वाटत राहते.

मार्च १९६८ च्या ‘द बिग डिपार्चर’मध्ये चार किशोरवयीन मुले एका बेटावर जाऊन स्वतःचा नवा देश वसवायला निघतात आणि त्यासाठी सामान चोरताना पकडली जातात. मुले हुशार आहेत, चांगल्या घरांतली आहेत. फ्रायडे त्यांना देशाच्या दोनशे वर्षांचा हिशेब ऐकवतो, त्यात उणिवाही कबूल करतो, आणि सांगतो की नवा देश उभारायला जाऊ नका, हाच नीट चालवून दाखवा. या भाषणाला मी कधी हसू शकलो नाही. त्यात प्रेम आहे. एक मध्यमवयीन माणूस आपल्याला प्रिय असलेली गोष्ट या मुलांना प्रिय का नाही, याने खरोखर व्याकूळ झाला आहे. पण याच महिन्यात त्याच शहराच्या पूर्व भागातल्या शाळांमधून मेक्सिकन वंशाची हजारो मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली होती, कारण त्यांना हाच देश, याच शाळा नीट चालायला हव्या होत्या. फ्रायडेचा सल्ला त्यांनी अक्षरशः अमलात आणला होता. त्यांच्यापुढे शहराने पोलीस उभे केले, आणि नंतर त्यांच्या नेत्यांवर कटाचे खटले भरले.

शहर आणि मालिका यांच्यातले हे अंतर अपघाताने पडलेले नव्हते. लॉस एंजेलिस पोलीस खाते वेबला खऱ्या प्रकरणांच्या फायली देई, सल्लागार देई, आणि त्या बदल्यात पटकथांवर नजर ठेवी. १९५० पासून १९६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत विल्यम पार्कर हे खात्याचे प्रमुख होते आणि ‘ड्रॅगनेट’ने घडवलेल्या निर्विकार, अभ्रष्ट, आधुनिक पोलिसाच्या प्रतिमेचा सर्वांत मोठा लाभ त्यांच्या खात्याला झाला. ऑगस्ट १९६५ मध्ये शहरातली कृष्णवर्णीयांची वॉट्स वस्ती दंगलीत पेटली. नोव्हेंबर १९६६ मध्ये सनसेट स्ट्रिपवर रात्री दहानंतर अल्पवयीनांनी फिरू नये या नियमावरून पोरांची पोलिसांशी झटापट झाली. जून १९६७ मध्ये सेंच्युरी सिटीत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन उतरले होते त्या हॉटेलाबाहेर युद्धविरोधी मोर्चावर लाठ्या चालल्या. मालिकेतला पोलीस मात्र त्या सबंध काळात खुर्चीवर बसून समजावून सांगत होता.

हे मला पुस्तकांतून कळले असते तर इतके लागले नसते. २९ एप्रिल १९९२ रोजी, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला मारहाण करणारे पोलीस निर्दोष सुटल्याची बातमी आली तेव्हा मी त्याच शहरात होतो. संध्याकाळी दूरचित्रवाणीवर पार्कर सेंटर दिसत होते, पार्करांचे नाव दिलेले पोलीस मुख्यालय, ज्याच्या पायऱ्या मला फ्रायडेमुळे पाठ झाल्या होत्या. बाहेर जमाव होता आणि पहारेकऱ्याची टपरी जळत होती. मग संचारबंदी लागली, खिडकीतून धुराचा वास येत राहिला. साठाहून अधिक माणसे त्या दिवसांत मेली. त्यानंतर मी ‘ड्रॅगनेट’ पाहणे काही वर्षे थांबवले.

वेबविषयी एक गोष्ट मला पुन्हा त्याच्याकडे घेऊन आली. या माणसाचे जाझवर जिवापाड प्रेम होते; १९२० च्या दशकातल्या एका कॉर्नेटवादकावर त्याने रेडिओमालिका आणि चित्रपट दोन्ही केले. जाझ हे त्याच्या आधीच्या पिढीला बिघडवणारे संगीत वाटत असे, गांजा आणि गुत्त्यांशी जोडलेले. म्हणजे आपल्या तारुण्यात तोही कोणाच्या तरी भुवया उंचावणाऱ्या सुरांमागे गेला होता. हे त्याला फ्रायडेच्या तोंडून एकदा तरी बोलता आले असते. फ्रायडे पडद्यावर अविवाहित, एकटा, खात्याखेरीज काही नसलेला माणूस आहे. गॅनन आपल्या बायकोविषयी, स्वयंपाकाविषयी बोलतो तेव्हा तो नुसता ऐकतो. घरदार सोडून एका विचाराला स्वतःला वाहून घेणे यात तो समोरच्या पोरांपासून फार दूर नव्हता, आणि त्यांच्यावर तो इतका का चिडतो हे मला अलीकडे थोडेसे समजू लागले आहे.

इतर मालिकांनी वेगळी वाट काढली. सप्टेंबर १९६८ मध्ये एबीसीवर ‘द मॉड स्क्वॉड’ सुरू झाली, तिची कल्पना बड रस्किन या माजी पोलिसाची. श्रीमंत घरातून हाकललेला पीट, वॉट्सच्या दंगलीत पकडलेला लिंक आणि घर सोडून पळालेली ज्यूली, असे तिघे तरुण तुरुंगाऐवजी गुप्त पोलीस होणे पत्करतात. त्यांचे केस, कपडे, बोलणे तसेच राहते. ते बंदूक वापरत नाहीत, आणि त्यांचा रोख बहुधा तरुणांना नादी लावणाऱ्या मोठ्यांवर असतो. ही मालिका अधिक मायाळू आहे आणि कृष्णवर्णीय नायकाला तिने दिलेली जागा तिच्या काळात मोलाची होती. तरीही तिच्यातला सौदा मला खुपतो : केस ठेव, पण बातमी आमच्याकडे आणून दे. आजोबांनी निदान केसच मागितले होते, मित्रांची नावे मागितली नव्हती.

ऑगस्ट १९६९ मध्ये चार्ल्स मॅन्सनच्या हिप्पी वळणाच्या टोळीने लॉस एंजेलिसमध्ये केलेल्या खुनांनंतर दूरचित्रवाणीला हिप्पींविषयी वेगळे काही सिद्ध करण्याची गरज उरली नाही. ‘ड्रॅगनेट’ १९७० मध्ये संपली. पण साचा टिकला. डिसेंबर १९८२ मध्ये ‘क्विन्सी’ या शवचिकित्सक नायकाच्या मालिकेत पंक संगीत मुलांना मारते असा भाग आला; केस आता लांबऐवजी टोकदार होते, भाषण तेच होते. त्याच महिन्यात जॅक वेब वारला. तो पोलीस कधीच नव्हता, पण लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी त्याला खात्याची मानवंदना दिली आणि फ्रायडेचा ७१४ क्रमांकाचा बिल्ला कायमचा निवृत्त केला.

काही वर्षांपूर्वी विलासदादा माझ्याकडे महिनाभर राहायला आला होता. बोर्ड रंगवण्याचा धंदा डिजिटल फलकांनी केव्हाच संपवला होता. आयुष्यभर त्याने तेच केले होते आणि केस त्या दिवाळीनंतर पुन्हा कधी वाढवले नाहीत. एका रात्री मी त्याला ‘ब्लू बॉय’चा भाग दाखवला, अधूनमधून मराठीत सांगत. ओट्यावरच्या त्या दिवसाविषयी मला बोलायचे होते, मी हसलो होतो त्याविषयी, आणि कुठून सुरुवात करावी हे कळत नव्हते. मुलाचा चेहरा पडद्यावर आला तेव्हा दादा पुढे सरकला आणि म्हणाला, ‘थांबव जरा.’

मी चित्र थांबवले. तो चष्मा सावरून बघत राहिला. मग त्याने बोट उचलून हवेतच त्या मुलाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक रेघ ओढली, जिथे निळा संपून पिवळा सुरू होत होता.

‘हात स्थिर लागतो याला,’ तो म्हणाला. ‘आरशासमोर बसून केलं असणार त्यानं. तासभर तरी गेला असेल.’